सहलीचा खर्च आणि ‘राहू दे ना भो!’ : तुमचे अनुभव सांगा

दिवाळी सरली, कापसाचे थोडेफार पैसे हातात आले आणि भरताच्या वांग्यांचे ढीग बाजारात दिसायला लागले की आपल्याकडे दोन बेत शिजतात. एक भरीत पार्टी, दुसरी ट्रिप. भरीत पार्टीच्या खर्चावरून कोणाचं वाजल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. वांगी एकाच्या मळ्यातली, कळण्याच्या पुऱ्या दुसऱ्याच्या घरून, तेल-शेंगदाणे तिसऱ्याचे. ज्याच्याकडून काहीच नाही तो काट्या गोळा करून वांगी भाजायला बसतो, आणि भाजणं जमलं तर सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच. ट्रिपमध्ये सगळं रुपयांत येतं. तिथे एकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा आखडता हे चहाच्या पहिल्या थांब्यावरच कळतं.

आपल्याला हिशोब मागायची लाज वाटते. ‘राहू दे ना भो, मी देतो’ असं आपण फार पटकन म्हणतो. पण म्हणतो कोण? ज्याच्या खिशाला झेपतं तो. ज्याला झेपत नाही तो दोन वेळा गप्प बसतो आणि तिसऱ्या वेळी ‘घरी पाहुणे आहेत’ म्हणून येतच नाही. माझ्या पाहण्यातले काही ग्रुप असे विरले. भांडण एकदाही झालं नाही, हे विशेष. म्हणून मला वाटतं, दोस्तीत हिसाब नसतो असं म्हणणाऱ्यानेच आधी हिसाब मांडावा.

पटत नसेल तर खोडून काढा. कुठे गेलात, पैसे कोणी धरले, कुठे अडलं, मग काय केलंत, एवढं लिहा. मित्रांची, हॉटेलांची, ट्रॅव्हल्सवाल्यांची नावं नकोत.

(जळगाव, कॉलेजात शिकवतो, हा धागा मीच काढला)

धुळे, बँकेत नोकरी

कॉलेजचे आम्ही काही जण अजिंठ्याला गेलो होतो. एक पुण्याला आयटीत, एकाचं इथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान, बाकी आम्ही मधले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावावी लागते आणि पुढे लेण्यांपर्यंत एसटीच्या बसने जायचं. साधी बसही असते आणि एसीही. आमचा पुणेकर पुढे गेला आणि कोणाला न विचारता सगळ्यांची एसीची तिकिटं घेऊन आला. ‘अरे उन्हात कशाला मरायचं!’

दुकानवाल्याने काही न बोलता खिशातून साध्या बसच्या तिकिटाचे पैसे काढले, सुटे, मोजून, आणि त्याच्या हातात ठेवले. तो म्हणाला, राहू दे. हा म्हणाला, ‘नाही, माझं एवढंच होतं.’ एसी बसमध्ये कोणी बोललं नाही. वर लेण्यांचं तिकीट माणशी 40 रुपये, तिथे पर्यायच नव्हता, तेव्हा कुठे सगळे मोकळे झाले.

मला विचाराल तर पुणेकराचं मन मोठंच होतं. पण उपकार कोणी मागितले नव्हते. आता आमच्यात ठरलंय की कॉमन खर्च सगळ्यात स्वस्त पर्यायाने धरायचा. एसी, चांगली रूम, खिडकीतून तलाव दिसणं, हे ज्याला हवं त्याने वरचे पैसे स्वतःचे घालायचे. आणि वरचे घातले म्हणून बोलून दाखवायचं नाही.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

आमच्या गावात दर दोन घरांआड रेल्वेवाला. त्यामुळे आमची अडचण वेगळी, ‘पास’ची. मित्रमंडळी गोव्याला निघाली. गोवा एक्स्प्रेस इथूनच मिळते. मला आणि एका जोडीदाराला पास, बाकीच्यांना पूर्ण भाडं. गाडीत बसायच्या आधीच सुरू झालं, ‘तुमचं तिकीट वाचलं, मग जेवण तुमच्याकडे!’ पहिल्यांदा हसलो, जेवण दिलं. नंतर प्रत्येक प्रवासात तेच.

एकदा सरळ सांगितलं, की बाबांनो, पास हा माझ्या नोकरीचा भाग आहे. रात्रपाळ्या केल्या त्याचा. तुमच्यापैकी कोणाला दिवाळीचा बोनस मिळाला तेव्हा मी त्यात वाटा मागितला का? पटलं.

पूर्वी हे आणखी गुंतागुंतीचं होतं. ज्येष्ठ पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के सवलत होती, ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. तोवर आमच्या एका डब्यात फुकट, सवलतीचा आणि पूर्ण भाड्याचा असे तीन प्रकारचे प्रवासी शेजारी शेजारी झोपायचे आणि परत आल्यावर ‘सरासरी’ काढायला बसायचे! शेवटी तिकीट ज्याचं त्याचं, असं ठरवलं. मुक्कामाला पोहोचल्यावर कॉन्ट्री काढायची, ती सगळ्यांची सारखी. प्लॅटफॉर्मवरचा चहा मात्र आजही मीच पाजतो, त्याचा पासशी संबंध नाही.

अमळनेर, भिशीवाली

भाऊ, पुरुषांचं वाचून गंमत वाटली. आम्ही बायका निघायच्या आधी भांडून घेतो, म्हणून रस्त्यात शांत असतो.

आमच्या भिशीत वर्षातला एक महिना कोणालाच लागत नाही. ती रक्कम फिरण्यासाठी. म्हणजे सगळ्यांचे पैसे सारखे, आणि महिन्या-महिन्याला गेलेले, त्यामुळे एकदम टोचत नाहीत. गेल्या खेपेला सप्तशृंगी गडावर गेलो, एसटीने. 17 मार्च 2023 पासून आम्हाला अर्धं तिकीट. एक आत्याबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना एक पैसा नाही. आणि सामान उचलायला एकीचा पुतण्या घेतला होता, त्याला मात्र पूर्ण. कंडक्टर बिचारा तीनदा मोजत होता.

बसमध्येच एकीने विषय काढला, आत्याबाईंचं तिकीटच नाही तर त्यांचे भिशीतले थोडे पैसे परत द्यायला हवेत. बोलणारी काही वाईट नव्हती, हिशोबाने बरोबरच होती. आत्याबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, ‘सवलत माले सरकारनी दिधी, भिशीनी नही. गप बठ.’ विषय संपला.

गडावर दुसरा आला. 2018 पासून वर जायला ट्रॉली आहे. गुडघेवाल्या ट्रॉलीने, बाकीच्या पायऱ्यांनी. ट्रॉलीचे पैसे कॉमनमधून दिले. खाली आल्यावर पायऱ्या चढलेली एक म्हणाली, ‘मग माझे ट्रॉलीचे वाचले ते मला द्या.’ सगळ्या हसल्या, पण माझ्याकडे पाकीट होतं, मी मोजून दिले. तिने त्याच्या बांगड्या घेतल्या. आता पायऱ्या चढणाऱ्या वाढल्यात.

आमचा एकच नियम कडक आहे. ओटी, साडी, प्रसाद, खेळणी आपापलं, आणि कॉमन पाकीट कोणाला उसनं देत नाही. ‘घरी गेल्यावर देते वं’ ला तिथे जागा नाही. स्वतःच्या खात्यातून द्या उसनं, मैत्री तुमची, जोखीम तुमची.

रावेर तालुका, केळीची शेती

‘चिक्कू’ म्हणवून घेतलेला माणूस इथे कोणी लिहिलाच नाही, म्हणून मी लिहितो.

माझे मित्र पगारदार. एक शिक्षक, एक पंचायत समितीत, एक औषध कंपनीत. त्यांचे पैसे एक तारखेला येतात. माझे पैसे महिन्याने येत नाहीत, मालाने येतात. बाग कटली, गाडी भरली, व्यापाऱ्याने पैसे सोडले, की मी राजा. मे महिन्यात वावटळीत बाग आडवी झाली की त्याच वर्षी मी भिकारी. सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा व्हायरस, आला त्या हंगामात तर रोपंच उपटून बांधावर टाकली होती. आता यात माझा ‘खर्चाचा स्वभाव’ कोणता ते तुम्हीच सांगा. भाव चांगला होता त्या वर्षी पूर्ण ग्रुपचं जेवण मी एकट्याने दिलंय आणि कोणी ‘राहू दे’ म्हटलेलं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी दोन रूमऐवजी एकच मोठी घेऊ म्हणालो, तर, ‘काय भो, इतकं काय मोजू राह्यला!’

उज्जैन-ओंकारेश्वरला निघालो तेव्हा माल कटलेला पण पैसे यायचे होते. महाकालला 250 रुपयांचं शीघ्र दर्शनाचं तिकीट असतं. ते म्हणाले, घेऊन टाकू. मी म्हणालो, मी साध्या रांगेत उभा राहतो, देव तोच आहे. औषध कंपनीवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘मी पण येतो.’ त्याला परवडत होतं. तो आला. दोन-अडीच तास रांगेत आम्ही जे बोललो ते घरी कधी बोललो नव्हतो: त्याच्यावर कर्ज किती, वडिलांचं आजारपण, टार्गेटचं टेन्शन. बाहेर आलो तेव्हा बाकीचे दोघं पोहे-जिलबी खाऊन कंटाळून बसलेले.

त्या ट्रिपमध्ये पैसे शिक्षकाने धरले. त्याने डायरीच्या मागच्या पानावर माझ्या नावापुढे रक्कम लिहिली आणि समोर तारीख टाकलीच नाही. ‘व्यापाऱ्याने सोडले की दे.’ व्याज नाही, आठवण नाही, आणि मुख्य म्हणजे चारचौघांत विनोद नाही. पैसे आले त्याच संध्याकाळी मी नेऊन दिले. तेव्हापासून आमचं असं आहे. ट्रिपची तारीख ठरवताना एक तारीख बघायची नाही, माझी बाग कधी कटणार ते आधी विचारायचं. पंचायत समितीवाला अजून कुरकुरतो, कारण त्याला मुलांच्या सुट्ट्या बघाव्या लागतात. त्याचंही खरं आहे.

(जळगाव, धागा काढणारा)

रावेरच्या दादांचं वाचून मला माझं वाक्य थोडं बदलावं लागेल. हात सैल-आखडता असणं हा दर वेळी स्वभाव नसतो, पैसा कधी येतो त्यावरही असतं. सोन्याच्या पेढीवर काम करणारा माझा एक मित्र लग्नसराईत आणि आषाढात दोन वेगळी माणसं असतो.

पुणे, मूळ चोपडा

आम्ही ॲप वापरतो. ज्यांना ॲप म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात त्यांना माझं एकच सांगणं, मागायची लाज माणसाला असते, ॲपला नसते. ग्रुपचा खर्च वाटून दाखवणारं स्प्लिटवाइज 2011 पासून आहे. यूपीआय आल्यावर तर हिशोब मिटवायला सुट्यांचंही कारण उरलं नाही. ग्रुपमध्ये एक अबोल मुलगा आहे. त्याने भरलेले टोलचे पैसे आधी कधीच परत मिळायचे नाहीत, कारण तो बोलायचा नाही. आता तो टोल नाक्यावरच एंट्री टाकतो आणि झोपतो.

पण त्याची दुसरी बाजूही सांगतो. हिमाचलहून परत आलो. एकाने आदल्या रात्रभर गाडी चालवली होती, घाटात, पावसात, बाकीचे घोरत होते. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर आठवण आली: अमक्याला 17 रुपये देणे. पाणी बाटलीचे. पाठवणाऱ्याने बटण दाबलं होतं, बाकी काही मनात नव्हतं. त्याने 17 रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, ‘ड्रायव्हरचा भत्ता वजा जाता’. भाड्याची गाडी करा, ड्रायव्हरचा भत्ता आणि दिवसाचे किमान किलोमीटर कोणी मागे घेत नाही. मित्र चालवतो तेव्हा ते शून्य धरतो आपण. आता आमच्यात रात्री गाडी चालवणाऱ्याचं त्या दिवसाचं जेवण कॉमनमधून, त्याच्या नावावर काही चढत नाही. पन्नास रुपयांखालची एंट्रीही बंद.

चाळीसगाव, गाडीमालक

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे तर मालकाचाही काढू या. पाटणादेवी, पितळखोरा, गौताळा, कुठेही जायचं ठरलं की सगळ्यांना माझी गाडी आठवते, कारण सात जण बसतात. डिझेल वाटून घेतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिझेल म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. टायर झिजतो, सर्व्हिसिंग आहे, विमा आहे, आणि पितळखोऱ्याच्या रस्त्यावर खालून एकदा दगड लागला तो कोणाच्या वाट्याला? माझ्या.

मी आता डिझेलच्या वर किलोमीटरमागे दोन रुपये घेतो. आधीच सांगतो, लपवून नाही. दोघांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, एकदा भाड्याची गाडी विचारून या. विचारून आले, गप्प बसले. माझ्या बायकोला हे बरोबर वाटत नाही, ती म्हणते घरची गाडी आहे, भाडं काय लावता. असो.

शहादा, शिक्षिका

ॲपवाल्यांनी तोरणमाळला जाऊन दाखवावं! घाट चढला आणि आमच्या फोनची रेंज गेली. यूपीआय बंद, आणि रोख फक्त एकीकडे. ती होती सगळ्यात काटकसरी. दोन दिवस तीच आमची रिझर्व्ह बँक. काय खायचं, भाकरी किती, भजी घ्यायची की नाही, सगळं तिने ठरवलं, आणि खरं सांगते, कोणाचं काही बिघडलं नाही. यशवंत तलावाच्या काठावर फुकट बसता येतं. उतरल्यावर शहाद्यात रेंज आल्याबरोबर सगळ्यांनी तिला पैसे पाठवले. पैसे जिच्या हातात तिच्या सवयीने ट्रिप होते, एवढं लक्षात आलं. पुढच्या वेळी उधळी मैत्रीण खजिनदार करून बघणार आहोत, पण नंदुरबारच्या पुढे नको.

नंदुरबार

थोडक्यात लिहितो. बिल दोन मागायचे. एक जेवणाचं, एक पिण्याचं. शेवभाजी खाणाऱ्याने दुसऱ्याच्या ग्लासाचे पैसे का द्यायचे? वेटरला पहिल्यांदाच सांगायचं. शेवटी सांगितलं तर तो ऐकत नाही, आणि तोवर पिणारे हिशोबाच्या पलीकडे गेलेले असतात.

जळगाव, दोन मुलांची आई

जोडपी आणि एकटे असा मिश्र ग्रुप असला की अजून एक गाठ. एकटा मित्र म्हणतो, मी एक माणूस, तुम्ही चार. जोडपं म्हणतं, मुलं काय खातात, दोन घास. खरं म्हणजे खर्च खात्यानुसार वेगळा असतो. रेल्वेत 2016 पासून 5 ते 12 वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा तर भाडं पूर्ण लागतं, तिथे ‘मूल अर्धं’ म्हणण्यात अर्थ नाही. एसटीत ते खरंच अर्धं. अजिंठ्यात पंधरा वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. जेवणात माझा मोठा मुलगा माझ्यापेक्षा जास्त खातो, मी त्याचं पूर्ण ताट धरते. रूमचं भाडं माणशी न धरता रूममागे धरतो. एकट्याला स्वतंत्र रूम हवी तर त्याची त्याने. एवढं बोललं की भांडायला फारसं उरत नाही. कोण कितीला अंघोळीला गेलं यावरून भांडतो मग.

साक्री, व्यापारी, वय झालेलं

तुम्ही सगळे फार हिशोबी झालात. आमचे लहानपणचे मित्र आहेत, आमच्यात पाळी आहे. या खेपेचा बठ्ठा खर्च एकाचा, पुढच्या खेपेचा दुसऱ्याचा. कोणी वही ठेवत नाही. ज्याची पाळी तो जागा ठरवतो. एकाने दक्षिण भारत दाखवला, एकाने पद्मालयाला नेऊन वरण-बट्टी खाऊ घातली आणि संध्याकाळी घरी सोडलं. दोन्ही मोजलं एकच. दक्षिणवाल्याने कधी म्हटलं नाही, मला पद्मालय पडलं. म्हटलं असतं तर त्याला घेतला नसता.

(जळगाव, धागा काढणारा)

काका, हात जोडतो. पण एक विचारतो, तुमच्यातल्या एखाद्याची पाळी त्याने कधी चुकवली का?

साक्री, व्यापारी

चुकवली. दुकान बसलं होतं त्याचं. आम्ही पाळी पुढे ढकलली आणि त्याला न सांगता दुसऱ्याची लावली. त्याला कळलं होतं, आम्हाला माहीत आहे. तुझ्या डायरीत हे कुठे लिहिशील?

धरणगाव, नुकतीच नोकरी लागलेली

मी आमच्या ग्रुपमध्ये वेगळंच केलं. मनालीचा बेत चालला होता. रोज कोणीतरी रूमचे फोटो टाकायचं, कोणीतरी विमानाचे दर. मी लिहिलं, ‘माझ्याकडे तीन हजार आहेत. त्यात जे होईल त्याला मी येते. नाहीतर तुम्ही जा, मला राग नाही.’ दिवसभर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. मला वाटलं, संपलं. रात्री एकेकाचे आकडे यायला लागले. एकीचे चार हजार, एकाचे अडीच, एकाने लिहिलं की घरी विचारावं लागेल. मनाली कोणालाच परवडत नव्हती, एक जण सोडून! आम्ही पालला गेलो. सातपुड्यात थंडी भरपूर होती, एकाच खोलीत सगळ्या मुली, दुसरीत मुलं, सकाळी चुलीवरचं पाणी. माझे तीन हजार पूर्ण संपलेही नाहीत.

ज्याला मनाली परवडत होती तो पालला आला नाही. महिनाभराने एकटा मनालीला जाऊन आला. फोटो छान आहेत.